तुरुंग काढणाऱ्याने कायद्याला भिऊ नये

अमेरिकेत स्वतःच्या मालकीचा तुरुंग काढावा अशी इच्छा बाळगणारे अनेक होतकरू उद्योजक केवळ एका धास्तीपोटी हात आखडता घेतात. उद्या एखाद्या विधिमंडळाने खासगी तुरुंगांवर बंदी घातली, तर ओतलेल्या काँक्रीटचे आणि गुंतवलेल्या पैशाचे काय होणार, ही ती धास्ती. आपणही त्यांच्यापैकी एक असाल, तर घाई न करता पुढील सल्ला वाचावा. गेल्या पस्तीसेक वर्षांत तेथे बंदीचे कायदे झाले, अध्यक्षांचे आदेश निघाले, निवडणुकीच्या सभांतून शपथा वाहिल्या गेल्या, आणि या सगळ्यांतून हा धंदा अंगावर मूठभर मांस चढवूनच बाहेर पडला. बंदीच्या कायद्याचे कलम न् कलम नीट वाचणारा तुरुंगमालक त्या कायद्यामुळे देशोधडीला लागल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

सुरुवातीला फार भांडवल लागते, हाही एक गैरसमज आहे. १९८३ मध्ये नॅशव्हिल येथे ‘करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्याजवळ एकही तुरुंग नव्हता. सरकारकडून परदेशी नागरिकांना कोंडून ठेवण्याचे पहिले कंत्राट मिळाले आणि मुदत जवळ येऊन ठेपली, तेव्हा संस्थापकांनी ह्यूस्टनमधले एक मोटेल भाड्याने घेतले, त्याला कुंपण घातले आणि जानेवारी १९८४ मध्ये पाहुणे उतरवून घेतले. आलेल्यांचे फोटो काढणे व बोटांचे ठसे घेणे ही कामे टी. डॉन हटो या संस्थापकाने स्वतः केली. हे गृहस्थ अननुभवी होते असे मुळीच नव्हे. पूर्वी ते आर्कान्सा राज्याच्या तुरुंग खात्याचे प्रमुख होते, आणि तेथील कोठड्यांतल्या अमानुष परिस्थितीबद्दल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो गाजलेला निकाल दिला, त्याच्या शीर्षकातच त्यांचे आडनाव आहे. इतकी कडक शिफारस गाठीशी असल्यावर गुंतवणूकदार जमायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच वर्षी कंपनीने टेनेसी राज्याचे सगळेच्या सगळे तुरुंग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितले. राज्याने नकार दिला, पण मागायला संकोच करू नये एवढे आपण त्यावरून शिकावे.

आता धंद्याचे मर्म सांगतो, कारण बंदीच्या कायद्यापासून बचाव कसा करायचा याचे रहस्यही त्यातच दडलेले आहे. आपण कैदी सांभाळत नाही, गुन्हेगार सुधारत नाही आणि समाजाचे रक्षण तर नाहीच नाही. आपण खाटा भाड्याने देतो. खाट रिकामी राहिली तर नुकसान आपले, म्हणून करारातच भोगवट्याची हमी घालून घ्यावी. मंगल कार्यालयाचा आचारी जसा पाचशे पानांचे पैसे ठरवून घेतो आणि मग वऱ्हाड आले काय, न आले काय, त्याचा हिशेब पाचशेचाच असतो, तसेच येथेही करावे. राज्यांशी झालेल्या करारांत ८० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंतच्या हम्या आढळतात. २०१२ मध्ये वर उल्लेखिलेल्या कंपनीने तब्बल ४८ राज्यांना पत्रे धाडून ‘तुमचे तुरुंग आम्ही विकत घेतो, फक्त २० वर्षे ते ९० टक्के भरलेले राहतील एवढे पाहा’ अशी विनंती केली होती. म्हणजे गुन्हे कमी झाले तर करदात्याने दंड भरायचा. यापेक्षा सुरक्षित गुंतवणूक आपल्या पोस्टातसुद्धा मिळणार नाही.

ही हमी किती चिवट असते, हे ॲरिझोनातील किंगमनच्या उदाहरणावरून पटेल. जुलै २०१० मध्ये तेथील एका खासगी तुरुंगातून तीन कैदी कुंपणाची तार कापून पळाले. धोक्याची घंटा एरवीच इतक्या वेळा विनाकारण वाजत असे की, पहारेकऱ्यांनी तिच्याकडे लक्ष देणे सोडून दिले होते. पळालेल्यांनी पुढे न्यू मेक्सिकोत सहलीला निघालेल्या एका वयस्क दांपत्याचा खून केला. राज्याने धोकादायक कैदी तेथून हलवले आणि सुधारणा होईपर्यंत नवे पाठवणे थांबवले. सामान्य बुद्धीच्या माणसाला वाटेल की, कंपनीने आता मान खाली घालून गप्प बसावे. तो तुरुंग चालवणाऱ्या कंपनीने करार काढला, त्यातील ९७ टक्क्यांच्या हमीवर बोट ठेवले, कोर्टाचा धाक घातला आणि रिकाम्या राहिलेल्या खाटांपोटी राज्याकडून ३० लाख डॉलर वसूल केले. आपल्या करारनाम्याचा मसुदा करणारा वकील असाच धीराचा निवडावा.

खर्चाच्या वादात मात्र फार खोल शिरू नये. ‘सरकारपेक्षा आम्ही स्वस्तात तुरुंग चालवतो’ हे वाक्य म्हणून उत्तम आहे. हिशेब म्हणून त्याला हात लावू देऊ नये. स्वस्ताई जेथे होते तेथे ती पहारेकऱ्यांच्या पगारात आणि संख्येत होते. आयडाहोमध्ये एका तुरुंगात कैद्यांच्या मारामाऱ्या इतक्या चालत की, कैदी त्याला ‘ग्लॅडिएटर स्कूल’ म्हणत. तेथे नेमलेले पहारेकरी पुरेसे आहेत हे दाखवण्यासाठी हजेरीपटावर माणसे भरावी लागली. २०१२ मधील काही महिन्यांत सुमारे ४,८०० तासांचा असा पहारा झाला, जो प्रत्यक्षात कोणीच दिला नव्हता. प्रकरण उघड झाल्यावर कंपनीने १० लाख डॉलर भरले आणि २०१४ मध्ये राज्याने तुरुंग ताब्यात घेतला. हजेरीपट भरण्याची कला महाराष्ट्रात कोणाला शिकवावी लागत नसल्यामुळे या मुद्द्यावर अधिक लिहीत नाही. ॲरिझोनाने त्याच सुमारास याहून देखणा मार्ग काढला. खासगी आणि सरकारी तुरुंगांच्या खर्चाची व दर्जाची तुलना करणे तेथे कायद्याने बंधनकारक होते, आणि तुलनेत खासगी तुरुंग स्वस्त असल्याचे काही दिसेना. तेव्हा २०१२ मध्ये विधिमंडळाने तुलना करण्याची अटच रद्द करून टाकली.

एवढी तयारी झाल्यावर बंदीच्या कायद्याकडे वळू. पहिली गोष्ट, विधेयक म्हणजे कायदा नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ‘न्याय विकाऊ नाही’ अशा अर्थाच्या नावाचे विधेयक वॉशिंग्टनमध्ये मांडले. त्याने खासगी तुरुंग संपणार होते. ते मंजूर झाले नाही. अशी विधेयके मांडली जातात तेव्हा आपण वर्तमानपत्रांना अत्यंत सौम्य भाषेत निवेदन द्यावे आणि आपल्या कामाला लागावे.

दुसरी गोष्ट, आदेश नेमका कोणत्या खात्याला उद्देशून आहे ते पाहावे. ऑगस्ट २०१६ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की, सरकारी तुरुंगांच्या तुलनेत खासगी तुरुंगांत सुरक्षेला धक्का देणाऱ्या घटना अधिक घडतात. त्यापाठोपाठ उपमहान्यायवादी सॅली येट्स यांनी हे तुरुंग हळूहळू बंद करण्याचे फर्मान काढले. शेअर कोसळले, कमकुवत हृदयाचे लोक विकून मोकळे झाले आणि पस्तावले. कारण सहा महिन्यांतच नव्या सरकारने फर्मान मागे घेतले. मधल्या काळात जीईओ ग्रुप या दुसऱ्या बड्या कंपनीने (आपल्या मोबाइलवाल्यांशी तिचे काही नाते नाही) स्वस्थ बसणे पसंत केले नव्हते. फर्मान निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या एका उपकंपनीने ट्रम्प यांना पाठिंबा देणाऱ्या प्रचारनिधीला एक लाख डॉलर दिले होते. सरकारी कंत्राटदाराने अशी देणगी द्यायची नसते, असा तेथे कायदा आहे. पण देणारी उपकंपनी होती आणि कंत्राट दुसऱ्याच्या नावावर होते. या एका वाक्यात कंपनी कायद्याचे निम्मे शिक्षण येऊन जाते.

२६ जानेवारी २०२१ रोजी अध्यक्ष बायडन यांनी पुन्हा आदेश काढला आणि देशभर टाळ्या पडल्या. आपण टाळ्यांच्या आवाजात आदेशाचा मजकूर वाचावा. चालू कंत्राटे रद्द करा असे त्यात कोठेही म्हटले नव्हते, मुदत संपल्यावर नूतनीकरण करू नका एवढेच म्हटले होते, आणि तेही फक्त न्याय खात्याला. स्थलांतरितांना पकडून डांबणारे ‘आईस’ हे खाते गृहसुरक्षा विभागाच्या अखत्यारीत येते, म्हणून त्याला हा आदेश लागूच नव्हता. त्या खात्याने डांबलेल्या दर दहांतले सुमारे नऊ जण खासगी कंपन्यांच्या छपराखाली असतात. म्हणजे पुढच्या दाराला भलेमोठे कुलूप आणि मागच्या दाराला कडीसुद्धा नाही.

पेनसिल्व्हेनियातील मोशॅनन व्हॅलीचा तुरुंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. जीईओच्या मालकीच्या या इमारतीत केंद्रीय तुरुंग खात्याचे कैदी असत. त्यांचे कंत्राट मार्च २०२१ मध्ये संपले, कैदी गेले, आणि आदेश यशस्वी झाला. त्याच वर्षी शरद ऋतूत तीच इमारत, त्याच भिंती आणि तेच मालक ‘आईस’च्या सेवेत रुजू झाले; मधे क्लिअरफील्ड काउंटीला, म्हणजे तेथल्या जिल्हा प्रशासनाला, कंत्राटाची पक्षकार म्हणून उभे केले होते. केंद्राने काउंटीशी करार केला, काउंटीने कंपनीशी केला, आणि पाटीवर ‘तुरुंग’ ऐवजी ‘प्रक्रिया केंद्र’ असे लिहिले. आत ठेवलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगणे थोडे अवघड जाते, कारण बाहेर जाता येत नाही ही गोष्ट दोन्ही पाट्यांखाली सारखीच राहते. शिवाय आता त्याच्यावर बहुधा कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नसतो आणि तो कधी सुटणार हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. धंद्याच्या दृष्टीने पाहता, ज्याची शिक्षा ठरलेलीच नाही त्याची शिक्षा संपतही नाही, ही बाब आपण नजरेआड करू नये.

कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०१९ मध्ये केलेला कायदा याहून कडक होता, कारण त्यात स्थलांतरितांच्या कोठड्याही धरल्या होत्या. तो १ जानेवारी २०२० पासून लागू व्हायचा होता. कायदा करणाऱ्यांनी तारीख अशी आधी जाहीर केली म्हणजे तो आपल्याला दिलेला अवधी समजावा. त्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, ‘आईस’ने तेथल्या कंपन्यांशी नवी कंत्राटे केली, आणि ती पंधरा वर्षांपर्यंत वाढवण्याची सोय करून ठेवली. शिवाय, राज्याने एक अपवाद ठेवला होता: इमारत खासगी असली तरी पहारेकरी राज्याचे असतील तर हरकत नाही. कॅलिफोर्निया सिटी येथील २,५६० खाटांचा तुरुंग त्या अपवादात चपखल बसला. नॅशव्हिलच्या त्या पहिल्या कंपनीचे, जिने २०१६ मध्ये ‘कोअरसिव्हिक’ असे गोंडस नाव धारण केले होते, तिचे भाडे बंदीच्या काळातही राज्याच्या तिजोरीतून चालू राहिले. मार्च २०२४ मध्ये राज्याने भाडेपट्टा सोडला आणि पुढच्या वर्षी ‘आईस’ची माणसे तेथे येऊ लागली. राज्याने गादी सोडली ती केंद्राने झटकून घेतली. बाकी कायद्याचे जे काही उरले होते ते २०२२ मध्ये अपील न्यायालयाने आटोपले: केंद्र सरकारच्या कामात राज्याने आडवे येऊ नये, असा निकाल झाला.

न्यू जर्सीचेही तेच झाले. तेथे २०२१ मध्ये कायदा झाला, कोअरसिव्हिक न्यायालयात गेली आणि जुलै २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक मताने जिंकली. ज्या एलिझाबेथच्या कोठडीवरून हे भांडण झाले, ती नेवार्क विमानतळाजवळची एक जुनी गोदामवजा इमारत आहे, आणि मराठी माणसांची भरगच्च वस्ती असलेल्या एडिसनहून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. एडिसनकरांनी यावरून अस्वस्थ होण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी ज्यांनी निवृत्तीचा पैसा शेअरबाजाराच्या सरसकट निर्देशांकाशी जोडलेल्या फंडांत ठेवला आहे, त्यांच्या वाट्याला या कंपन्यांचा एखादा तुकडा आलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो तुकडा २०२४ च्या अखेरीस चांगलाच वधारला होता. गावाकडे आईवडिलांना हे सांगताना ‘रिअल इस्टेट’ म्हणावे. काही वर्षे या दोन्ही कंपन्या आयकराच्या दृष्टीने खरोखरीच मालमत्ता गुंतवणूक न्यास म्हणून नोंदलेल्या होत्या.

इलिनॉयपासून मात्र लांब राहा. या राज्याने खासगी तुरुंगांना १९९० मध्येच मनाई केली, आणि नंतर कायदा आणखी पुढे नेताना केंद्राला किंवा कंपनीला न अडवता स्वतःच्याच काउंट्यांना बजावले की, स्थलांतरित डांबण्याचे करार तुम्ही करायचे नाहीत. आपल्या घरातल्या माणसाला काय करू द्यायचे हे राज्य ठरवू शकते, असे तेथील अपील न्यायालयाने मान्य केले. मोशॅननला जी वाट उघडी होती ती येथे बुजली. सुदैवाने अशी अक्कल फार राज्यांना सुचलेली नाही, आणि आपण ती कोणाला सुचवू नये.

दुसरा खरा शत्रू नगरपालिका. काँग्रेसला भिऊ नका, सिनेटला भिऊ नका, पण परवाना विभागातल्या कारकुनाला भ्या. २०२५ मध्ये जीईओने नेवार्कमधील डिलेनी हॉल ही इमारत एक हजार खाटांची कोठडी म्हणून उघडली. पंधरा वर्षांचे आणि सुमारे एक अब्ज डॉलरचे कंत्राट खिशात असताना शहराने विचारले काय, तर भोगवटा प्रमाणपत्र कोठे आहे! पुण्या-मुंबईत ओसी नसलेल्या इमारतींत पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्या वाचकांना या प्रश्नाचे हसू येईल. पण नेवार्क शहर त्यावरून न्यायालयात गेले आणि त्या वादात महापौरांना त्या फाटकाशी अटकसुद्धा झाली. गुन्हा नंतर मागे घेतला गेला. कॅन्ससमधील लेव्हनवर्थ येथे कोअरसिव्हिकने बंद पडलेला तुरुंग पुन्हा उघडायला घेतला, तेव्हा शहराने विशेष वापर परवान्याचा आग्रह धरला आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाकडून तात्पुरती मनाई मिळवली. मानवी हक्कांवरची भाषणे वर्षानुवर्षे पचवलेल्या कंपनीला सांडपाण्याची आणि जमीन वापराची नियमावली अशी घशात अडकते.

मजुरीबाबत एक सूचना. कोठडीतली झाडलोट, धुणी आणि स्वयंपाक ही कामे डांबलेल्यांकडूनच दिवसाला एक डॉलर देऊन करून घ्यावीत आणि त्याला ‘स्वेच्छा कार्यक्रम’ म्हणावे. टाकोमा येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्युरीने हे वॉशिंग्टन राज्याच्या किमान वेतनाविरुद्ध ठरवले आणि जीईओला १ कोटी ७३ लाख डॉलर थकबाकी देण्यास सांगितले. कंपनीने किमान वेतन देण्याऐवजी तो कार्यक्रमच थांबवला. स्वेच्छा एकदा महाग झाली की ती कोणाला परवडत नाही.

टीकाकारांचा एक मुद्दा आपण हसतमुखाने मान्य करावा, कारण तो खरा आहे आणि आपल्या उपयोगाचाही आहे. अमेरिकेत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांपैकी खासगी तुरुंगांत असतात सुमारे ८ टक्केच. उरलेल्यांना सरकार स्वतःच्या हातांनी, कोणताही नफा न कमावता, तितक्याच तन्मयतेने डांबून ठेवते. त्यामुळे बंदीवाला आमदार समोर आला की त्याला म्हणावे, ‘आम्हाला घालवून काय होणार, साहेब?’ तो गोंधळतो. मीही या ठिकाणी थोडा गोंधळतो. पण मग कोअरसिव्हिकच्या वार्षिक अहवालांतले ते वाक्य आठवते, ज्यात शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल सुलभ झाला किंवा आज गुन्हा ठरणारी काही कृत्ये उद्या गुन्हा राहिली नाहीत तर आपल्या मागणीवर विपरीत परिणाम होईल, असा इशारा भागधारकांना दिलेला असतो. सरकारी तुरुंगाचा अधीक्षक कितीही कठोर असो, कैदी सुटल्यावर तो असे पत्र कोणाला लिहीत नाही. जुलै २०२५ मध्ये स्थलांतरितांच्या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर झाल्यावर तर हा इशाराही शिळा झाला आहे.

येथवर वाचून आपल्याला हा धंदा घरी आणण्याचा मोह झाला असेल. बीज पडलेले आहेच: सप्टेंबर २०२२ मध्ये तळोजा तुरुंगातील एका वृद्ध कैद्याच्या अर्जावरील सुनावणीत तुरुंग बांधण्याच्या कामी बड्या उद्योगसमूहांना सामील करून घेता येईल का, अशी तोंडी विचारणा आपल्या सर्वोच्च न्यायालयातही झाली होती. तुरुंग भरून वाहतात, हे कारण तेथेही होते आणि ते खोटे नव्हते.

मात्र जेथे जाल तेथे इस्रायलची पुनरावृत्ती होऊ देऊ नका. तेथे बीरशेबाजवळ खासगी तुरुंग बांधून होत आला होता, कंपनी तयार होती, कायदाही संसदेने रीतसर केला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी आठ न्यायाधीशांनी तो रद्द केला, तोही पहिला कैदी आत येण्यापूर्वीच. खाटा किती, जेवण कसे, बचत होते की नाही, पहारेकरी पुरेसे आहेत का, यांतल्या एकाही प्रश्नाच्या उत्तरावर त्यांनी निकाल टांगला नाही. माणसाला डांबण्याचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती दिला की त्याच्या स्वातंत्र्याला आणि प्रतिष्ठेला तेथेच धक्का बसतो, मग आतील व्यवस्था उत्तम असली तरी, एवढ्यावर ते थांबले. असल्या युक्तिवादाला ना अपवादाचे कलम चिकटवता येते, ना डिसेंबरात घाईने कंत्राट करून त्याला चकवता येते. म्हणून एखादा आमदार खर्चाचे, हजेरीचे, मारामाऱ्यांचे आकडे घेऊन आला तर त्याला आदराने बसवून घ्यावे, चहा पाजावा, समिती नेमण्याची मागणी आपणच करावी. आणि जो कागद न आणताच येईल व ‘पण हा अधिकार मुळात विकायचा का?’ एवढेच विचारील, त्याला तत्काळ प्रतिखाट दैनंदिन खर्चाचा तक्ता दाखवायला घ्यावा.